भाषासूची आणि तिचा वाचक : ओझरच्या निमित्ताने संकेतस्थळांवरील भाषानिवडीची समीक्षा

प्रास्ताविक

संकेतस्थळाची समीक्षा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मजकुराकडे आणि फार तर मांडणीकडे जाते. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात 'मराठी', 'हिंदी' किंवा 'इंग्लिश' असे दोन-तीन शब्द असलेली जी छोटी सूची असते, तिची दखल क्वचितच घेतली जाते. ती एक तांत्रिक सोय आहे, असे समजून संगणक विभागाकडे सोपवली जाते. वस्तुतः संस्थेने आपला वाचक कोण मानला आहे, याविषयीचे तिचे पहिले विधान या सूचीतच असते. सूची वाचकाला 'तुम्हाला कोणती भाषा हवी?' असे विचारत असल्याचा आभास निर्माण करते. प्रत्यक्षात मात्र 'आम्हाला कोणत्या भाषा देणे भाग आहे' एवढेच ती सांगत असते. प्रस्तुत लेखात हा फरक नाशिक जिल्ह्यातील ओझर या गावाच्या संदर्भात तपासला आहे.

ओझरची निवड सकारण आहे. निफाड तालुक्यातील हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिक शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी वसलेले आहे. भोवतालचा प्रदेश द्राक्षबागांचा. साठच्या दशकात येथे मिग विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना उभा राहिला आणि तो १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड या केंद्रीय उपक्रमाचा भाग झाला. मिग-२१ आणि मिग-२७ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने येथे तयार झाली. येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. कारखान्याने गावाच्या नावातही स्थान मिळवले असून पंचक्रोशीत 'ओझर मिग' हाच शब्द रूढ आहे. कारखान्याच्या वसाहतीत निरनिराळ्या राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात, तर वेशीपलीकडे मराठी शेतकरी. एकाच गावात केंद्र आणि राज्य या दोन्ही शासनांची संकेतस्थळे नित्य उपयोगाची ठरावीत, अशी ही स्थिती आहे.

सूची कोणाची?

या गावातील एखाद्या नागरिकाने जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ उघडले तर त्याला मराठी आणि इंग्रजी हे दोन पर्याय दिसतात. कारखाना चालवणाऱ्या उपक्रमाचे संकेतस्थळ उघडले तर पर्याय हिंदी आणि इंग्रजी असे असतात. नागरिक तोच, गाव तेच, कदाचित संगणकही तोच. बदलते ती फक्त मालकी. याचे कारण कायद्यात आहे. १९७६ च्या राजभाषा नियमांनी महाराष्ट्राचा समावेश 'ख' क्षेत्रात केला आहे आणि केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्यांची कार्यालयेही या नियमांच्या कक्षेत येतात. राज्याच्या बाजूला १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर बंधनकारक करणारा स्वतंत्र अधिनियम २०२२ मध्ये आला. दोन्ही बाजूंनी आपापल्या कायद्याचे पालन केले आहे. तरीही दोन्ही सूच्या एकत्र ठेवल्या की त्यांतील उणीव उघड होते. केंद्रीय उपक्रमाच्या सूचीत निफाडच्या शेतकऱ्याची भाषा नाही, आणि राज्याच्या सूचीत वसाहतीतील हिंदीभाषकाची नाही. दोघांच्याही वाट्याला अखेरीस इंग्रजी येते.

येथे एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. केंद्रीय कार्यालयांच्या नामफलकांबाबत हिंदीतर राज्यांत प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी असा क्रम केंद्राच्याच सूचनांमध्ये सांगितला आहे. म्हणजे पत्र्याच्या फलकावर जिला पहिले स्थान आहे, तीच भाषा पडद्यावरच्या फलकावर मात्र अनुपस्थित आहे. फलकाला जागेची मर्यादा असते, तशी संकेतस्थळाला नसते. तेव्हा जागेच्या अभावाचे कारण पुढे करता येणार नाही. मजकूर भाषांतरित करण्याचा खर्च हे कारण खरे आहे, आणि ते गंभीरपणे घ्यावे लागते. परंतु संपूर्ण संकेतस्थळ मराठीत आणावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. आयटीआय उत्तीर्ण प्रशिक्षणार्थींच्या भरतीची सूचना, भूसंपादनाविषयीची माहिती आणि तक्रारीचा पत्ता, इतकी पाने जरी मराठीत असली तरी सूचीत तिसरा शब्द लिहिण्यास पुरेसे कारण मिळते. विमानांच्या तांत्रिक तपशिलाची पाने इंग्रजीतच राहिली तरी कोणाची अडचण होणार नाही.

सर्वांना सर्व भाषा देणारी सूची अशक्य आहे, असेही नाही. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळाने प्रवेशालाच तेरा भाषांचे पान ठेवले आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेले 'उमंग' हे शासकीय अनुप्रयोगही तेरा भाषांत आले. त्याही आधी, आणि बहुसंख्य लोकांच्या परिचयाची, अशी भाषासूची बँकेच्या एटीएमवर होती. कार्ड आत सरकवताच मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन पर्याय समोर येतात आणि वाचता येणारा कोणीही तेथे अडखळत नाही. महाजालावरील भाषासूचीचे शास्त्र अभ्यासणाऱ्यांनी या यंत्राकडे फारसे पाहिलेले दिसत नाही, याचे नवल वाटते.

नाव, चिन्ह आणि लिपी

भाषासूची वाचण्यासाठी वाचकाला नको असलेली भाषा यावी लागू नये, हा या विषयातील मूलभूत नियम होय. महाजालाचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचाही असाच सल्ला आहे : भाषेचे नाव त्या भाषेतच द्यावे. इंग्रजी पानावर 'लँग्वेज' या रोमन अक्षरांतील शब्दाखाली भाषांची नावे दडवली, तर इंग्रजीतून बाहेर पडण्यासाठी आधी इंग्रजी वाचावी लागते. शब्दाऐवजी चिन्ह वापरल्यानेही प्रश्न सुटत नाही. चिनी लिपीतील एक अक्षर आणि रोमन 'ए' यांचे जोडचिन्ह अलीकडे भाषाबदलासाठी रूढ होत आहे, पण ते ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच कळते. राष्ट्रध्वजांचा उपयोग तर भारतात निरर्थकच ठरतो. आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांना मिळून एकच तिरंगा आहे. तो हिंदीसमोर लावला तर मराठीसमोर काय लावावे, या प्रश्नाला उत्तर नाही. गूगलच्या भारतीय मुखपृष्ठावर शोधचौकटीखाली भाषांची नावे आपापल्या लिपीत, एका ओळीत, कोणत्याही चित्राविना दिली गेली. या कामात त्याहून अधिक शोभेची गरज नाही.

नव्वदच्या दशकाअखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे मराठी संकेतस्थळांवर 'मराठी' हा शब्द बहुधा चित्र म्हणून ठेवलेला असे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. परंतु घरोघरीच्या संगणकांवर ती दिसण्याची खात्री नव्हती, आणि प्रत्येक संस्था स्वतःचा टंक वापरत असे. टंक उतरवून घेतला नाही तर 'मराठी'वर टिचकी मारणाऱ्याला रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. त्यामुळे भाषासूचीशेजारीच टंक उतरवून घेण्याची सूचना असे. ती अडचण आता राहिलेली नाही, पण चित्ररूप कळेची सवय काही ठिकाणी उरली आहे. चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल, तर दृष्टिहीन वाचकाच्या वाचकप्रणालीला तेथे काही आहे हेच कळत नाही.

मराठीच्या संदर्भात याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि संस्कृत या अनुसूचित भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. लिपीवरून भाषा ओळखता येत नाही, म्हणून पानाच्या एचटीएमएल संहितेत भाषेचा निर्देश करावा लागतो. वाचकाला तो दिसत नसल्याने अनेकदा तो वगळला जातो, किंवा मराठी पानावर हिंदीचा वा इंग्रजीचा निर्देश तसाच राहतो. त्याचे परिणाम ओझर या नावातच पाहता येतात. स्थानिक उच्चारात यातील 'झ' दंततालव्य आहे, आणि म्हणूनच रोमन लिपीत हे नाव झेड वापरून लिहिण्याची पद्धत पडली. हिंदीचा निर्देश असलेले पान मोठ्याने वाचणारी प्रणाली हिंदीचे नियम लावते आणि हा 'झ' तालव्य होतो. गावकऱ्याला आपल्याच गावाचे नाव परके वाटावे, अशी ही स्थिती. छापील रूपालाही हा निर्देश लागू पडतो. 'नाशिक', 'तालुका' आणि 'जिल्हा' या शब्दांतील श आणि ल यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित केली, त्यातही ही वळणे आहेत. आधुनिक टंकांमध्ये दोन्ही वळणे साठवता येतात. कोणते दाखवायचे, हे भाषेच्या निर्देशावरून ठरते. निर्देश चुकला की शासनाचेच संकेतस्थळ शासनाच्याच निर्णयाविरुद्ध वागते, आणि दोष कोणाचा हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जाता जाता नोंदवावे की हिंदीत 'नासिक' लिहिण्याची प्रथा आहे. शहराच्या नावातला एक वर्ण बदलला की ते पान कोणासाठी लिहिले गेले, हे सूची न पाहताही कळते.

कळ दाबल्यानंतर

निवड संगणकानेच करावी, असा एक पक्ष आहे. न्याहाळकाने कळवलेली भाषा किंवा वाचकाचे ठिकाण यांवरून पान आपोआप योग्य भाषेत उघडावे, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद वरवर आकर्षक असला तरी ग्रामीण महाराष्ट्रात तो टिकत नाही. संगणक आणि भ्रमणध्वनी बहुधा इंग्रजी मांडणीतच वापरले जातात. तेव्हा न्याहाळक 'इंग्रजी' असे कळवतो, ते यंत्राविषयीचे सत्य असते, माणसाविषयीचे नव्हे. ठिकाणावरून ठरवावे तर ओझरसारख्या गावात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन भाषा निघतील. शिवाय सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती यांसाठी लोक ज्या सेवा केंद्रात जातात, तेथील संगणकावर दिवसभरात अनेकांची कामे होतात. सकाळच्या माणसाची निवड लक्षात ठेवणारे संकेतस्थळ दुपारच्या माणसाला त्याच भाषेत उत्तर देते. म्हणून निवड स्मरणात ठेवावी हे खरे, पण ती बदलण्याची सोय प्रत्येक पानावर, त्याच जागी आणि उघड असली पाहिजे. कळीवर सध्याची भाषा लिहावी की दुसरी, याबाबत मतभेद आहेत. दोनच भाषा असतील तर दोन्ही नावे शेजारी लिहून चालू नावाखाली रेघ ओढली की तो वाद संपतो.

सूचीची खरी कसोटी मात्र कळ दाबल्यानंतर लागते. वाचक एखाद्या योजनेच्या आतल्या पानावर आहे, त्याने 'मराठी' निवडले, आणि तो त्याच पानाच्या मराठी रूपाऐवजी मुखपृष्ठावर जाऊन पडला, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सापडलेले पान त्याला पुन्हा शोधावे लागते, तेही आता वेगळ्या शब्दांनी. काही ठिकाणी शीर्षके तेवढी मराठी आणि खालील मजकूर इंग्रजी असतो. अशा वेळी सूचीत 'मराठी' लिहिणे ही वाचकाची फसवणूकच होय. अर्धेच पान भाषांतरित असेल तर तसे स्पष्ट लिहावे. केंद्र सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. परंतु तत्त्वांची तपासणी बहुधा मुखपृष्ठावर थांबते, आणि मुखपृष्ठच नेमके सर्वांत नीट भाषांतरित केलेले असते.

मराठी पानावरही मराठी वाचकाची परीक्षा संपत नाही. सुरक्षेसाठी ओळखून टंकायची वेडीवाकडी अक्षरे रोमनच असतात. ज्याला रोमन अक्षरे येत नाहीत, त्याने मराठी निवडून काय मिळवले, असा प्रश्न पडतो. केवळ अंक दिले तरी हे काम भागते. उलट, भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घ्यायचा तर मराठीत टंकन यावे लागते, आणि तेथे शिकलेल्या माणसाचीही गाडी अडते.

त्यानंतर जिल्हा, तालुका आणि गाव निवडण्याच्या याद्या येतात. त्या पाहिल्या की मराठी रूप मुळातून केले आहे की इंग्रजीवर चिकटवले आहे, हे ओळखता येते. मराठी वर्णक्रमात स्वर आधी येतात. निफाड तालुक्याच्या यादीत ओझर हे स्वरांनी सुरू होणाऱ्या नावांबरोबर, कोठुरे, चांदोरी आणि पिंपळगाव यांच्या पुष्कळ आधी दिसायला हवे. नावे देवनागरीत लिहिली पण क्रम रोमन अक्षरांचा ठेवला, तर ओझर पार कोठुऱ्याच्या आणि नैताळ्याच्या खाली जाते. बाराखडी पाठ असलेला शेतकरी वरच्या चार ओळी पाहतो, गाव सापडत नाही म्हणून सेवा केंद्रातील मुलाकडे पाहतो, आणि तो मुलगा भाषा पुन्हा इंग्रजी करतो.