मुद्रणाच्या गुणवत्तेची लेसर-परीक्षा : एक चिकित्सा

धावत्या मुद्रणयंत्रावरील कागदाला स्पर्श न करता छपाईचा दर्जा क्षणोक्षणी तपासता यावा, ही मुद्रण-उद्योगाची जुनी गरज होय. १९६० साली मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला आणि या कामास योग्य असा प्रकाशस्रोत उपलब्ध झाला. छापील पृष्ठावर अरुंद लेसर-शलाका सोडावयाची, विखुरलेला प्रकाश निरनिराळ्या कोनांत मोजावयाचा आणि त्यावरून दोष ओळखावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. तिचा वेग निर्विवाद आहे. परंतु ती जे मोजते त्यालाच मुद्रणाची गुणवत्ता म्हणावे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

बेनेट व पोर्टियस यांनी १९६१ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, लंबदिशेने पडलेल्या प्रकाशाचा आरशाप्रमाणे परावर्तित होणारा अंश पृष्ठाच्या उंचसखलपणाबरोबर झपाट्याने घटतो. हीलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीस, उंचसखलपणाचे वर्ग-माध्य-मूळ ०.०५ मायक्रोमीटर असता हा अंश गुळगुळीत पृष्ठाच्या सुमारे ३७ टक्के राहतो, ०.१ मायक्रोमीटर असता अवघा २ टक्के. घोटीव धातूच्या बाबतीत ही संवेदनशीलता गुणच ठरते. पण लेप दिलेल्या कागदाचाही उंचसखलपणा मायक्रोमीटरच्या घरातला असतो. तेथे हा अंश जवळजवळ लोपतो, आणि बऱ्या व वाईट कागदांतील भेदही त्याबरोबर लोपतो.

यावर शलाका तिरकस सोडण्याचा उपाय सांगितला जातो. आपतन-कोन ८५ अंश घेतल्यास ०.५ मायक्रोमीटर उंचसखलपणालाही सुमारे ४७ टक्के अंश शिल्लक राहतो. मात्र त्याच कोनात ५० मायक्रोमीटर रुंदीची शलाका पृष्ठावर सुमारे ५७० मायक्रोमीटर लांब पसरते. दर सेंटिमीटरला ६० रेषांच्या हाफटोनमध्ये दोन ठिपक्यांतील अंतर १६७ मायक्रोमीटर असते. म्हणजे पृष्ठाची जाण परत मिळविताना एकेका ठिपक्याची जाण गमवावी लागते.

दुसरी अडचण कागदाच्या अंतरंगातील आहे. कागदात शिरलेला प्रकाश तंतूंत आडवा पसरून ठिपक्याच्या शाईखाली शोषला जातो. त्यामुळे ठिपका प्रत्यक्षाहून मोठा भासतो. यूल व निल्सन यांनी १९५१ मध्ये याची गणिती मांडणी केली. मापकापर्यंत पृष्ठावरील व अंतरंगातील प्रकीर्णन एकत्रच पोहोचते. ध्रुवण-गाळणीने ते बऱ्याच अंशी वेगळे करता येते. ही काळजी न घेतल्यास कागदाचा दोष शाईच्या माथी बसावयाचा.

तिसरी मर्यादा रंगाची. तांबडी शलाका निळसर सायन शाईत चांगली शोषली जाते. पिवळ्या व मॅजेंटा शायांना ती बहुतांशी अबाधितच ओलांडते. पिवळी शाई फिकट पडली तरी या मापकाची सुई फारशी हलणार नाही. वाचकाच्या डोळ्याला मात्र चित्राचा बिघडलेला तोल तात्काळ जाणवेल.

यावरून पद्धत निरुपयोगी ठरते असे नव्हे. शाईचा थर ओरखडला, चकाकी उतरली, कागद बदलला, अशा आकस्मिक बदलांची सूचना देण्यास ती समर्थ आहे. मात्र सूचना देणाऱ्याला निवाड्याचा अधिकार देता येत नाही. लेसरच्या एका आकड्यावरून माल बाद करणारा कारखाना चांगली छपाई फेकून देईल आणि सदोष छपाई ग्राहकाच्या हाती देईल. हा निवाडा घनतामापकाने, वर्णमापनाने आणि अखेरीस जाणत्या डोळ्यानेच व्हावयास हवा.