पुतळ्याची मान

मातीत माणसाचं डोकं घडवायला शिकणारा आधी नाकाला हात घालतो. मग डोळे, मिशा. वर चष्मा चढवला की ओळख पटलीच! चौकातले पुष्कळ अर्धपुतळे याच हिशेबाने उभे आहेत. चष्मा काढा, आणि पुढारी कोण, देणगीदार कोण, सांगून दाखवा!

वास्तविक आपला माणूस आपण गर्दीत पाठमोरासुद्धा ओळखतो, तो काय नाकावरून? ओळख असते कवटीच्या घडणीत, मानेच्या कलात. खात्री नसेल तर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांच्या (१८९१–१९६७) घरी जावं, शिल्पांभोवती फेरी मारावी. तिथे पाठही बोलते.

म्हणून शिकणाऱ्याने आधी कवटी साधावी, नाक सावकाश बसवावं. नाहीतर पुतळ्याला मान मिळतो, पण मान नसते!