पतसंस्थांचें बखरवाङ्मय : बुलढाण्याच्या निमित्तानें एक परीक्षण

सहकारी पतसंस्थांनीं आपापल्या महोत्सवाचे वेळीं स्मरणिका काढाव्या, त्यांत संस्थापकांचीं छायाचित्रें, ठेवींचे चढते आंकडे व मान्यवरांचे अभिप्राय छापावे, हा परिपाठ महाराष्ट्रांत आतां चांगलाच रूढ झाला आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु याच स्मरणिकांच्या आधारें सहकाराचा ‘इतिहास’ सांगितला जातो, आणि तो व्याख्यानांतून थेट शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांपर्यंत झिरपला आहे. अशा वेळीं या त्रैमासिकानें त्याची दखल घेणें अप्रस्तुत होणार नाहीं. राजवाड्यांनीं बखरींची झडती घेऊन, अस्सल कागदापुढें बखर दुय्यम, हा दंडक घालून दिल्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. तो दंडक सरदारांच्या घराण्यांना लागू आणि पतपेढ्यांना मात्र माफ, असें मानण्याचें कारण दिसत नाहीं.

या वाङ्मयाचा पहिला अध्याय बहुधा एकाच विधानानें सुरू होतो : सहकार हा भारताचा प्राचीन वारसा आहे. पुराव्यादाखल ‘श्रेणी’ हा शब्द पुढें करण्यांत येतो, व थोडें अधिक वाचलेला लेखक नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख दाखवितो. लेख अस्सल आहे. तो काय सांगतो हें पाहण्याचे कष्ट मात्र सहसा घेतले जात नाहींत. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंकरितां ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेविली. पैकीं २,००० कोष्ट्यांच्या एका निकायाकडे दरमहा शेंकडा १ या वृद्धीनें, व १,००० दुसऱ्या कोष्टी-निकायाकडे दरमहा शेंकडा पाऊण या वृद्धीनें. मूळ रक्कम परत द्यावयाची नाहीं. केवळ वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा. हिशेब मोठा चोख आहे. २,००० वर महिन्यास २०, वर्षास २४०. आणि २० भिक्षूंस वस्त्रांकरितां प्रत्येकीं १२, म्हणजे तितकेच २४०. कवडीची तफावत नाहीं.

आतां यांत सहकारी पतसंस्था कोठें आहे? ठेव ठेवणारा श्रेणीचा घटक नव्हे, तो राजकुळांतला. वृद्धीचा लाभ घेणारे भिक्षू, तेही श्रेणीबाहेरचे. ही धर्मादायाची कायम ठेव आहे. कोष्ट्यांनीं एकमेकांची नड भागविण्यासाठीं उभारलेला तो निधि नव्हे. एकाच गांवच्या एकाच धंद्याच्या दोन निकायांचे दर निरनिराळे असावेत, यावरून प्रत्येक निकायाशीं स्वतंत्र ठराव होत असे एवढें अनुमान निघतें, आणि तें महत्त्वाचें आहे. पण त्यावर सहकाराचा मनोरा चढविणें म्हणजे एका विटेवर माडी बांधण्यासारखें आहे.

धर्मशास्त्रांतील ‘संभूयसमुत्थान’ या व्यवहारपदाचीही अशीच ओढाताण होते. एकत्र व्यापार करणाऱ्यांचा लाभ व तोटा ज्याच्या त्याच्या द्रव्याच्या प्रमाणांत, किंवा आधीं ठरलेल्या करारानुसार, वांटावा असें याज्ञवल्क्य सांगतो. ही भागीदारी झाली. पतसंस्थेचें मर्म याहून निराळें : भाग एक असो वा शंभर असोत, मत एकच. हें तत्त्व स्मृतींतून आलेलें नाहीं. तें इंग्लंडांतील रॉचडेल येथें १८४४ सालीं निघालेल्या कामकऱ्यांच्या भांडारांतून व जर्मनींतील शुल्झ-डेलिच आणि रायफायझेन यांच्या पतपेढ्यांतून इकडे आलें. बडोद्यास १८८९ सालीं विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापिली, तेव्हां हिंदुस्थानांत त्यासाठीं कायदाही नव्हता. तो १९०४ सालीं आला. नांव शुद्ध संस्कृत, रीत परदेशी, आणि माणसें मराठी : असा तो संगम होता व तो सांगण्यांत कमीपणा कसला? पतपेढीनें तरी उसनवारीची लाज बाळगूं नये.

नाशिकच्या लेखांत एक गोष्ट खरोखर उचलण्याजोगी आहे, व तीच नेमकी वगळली जाते. हें दान निगमसभेंत ऐकविण्यांत आलें व फलकावर रीतीप्रमाणें नोंदविलें गेलें, असा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे रक्कम किती, कोणाकडे, कोणत्या दरानें, हें चारचौघांसमक्ष वाचून दाखवून टिपून ठेवण्याची पद्धत होती. पतसंस्थेच्या पूर्वजांचा शोध घ्यावयाचाच असेल तर तो त्या फलकापाशीं घ्यावा.

आतां बुलढाण्याकडे वळूं. बुलढाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी १९८६ सालीं ७२ सभासद व १२,००० रुपये भांडवल यांवर सुरू झाली. सरासरीनें माणशीं १६६ रुपये पडतात. म्हणजे तेव्हांच्या मानानेंही ती सावकारी पेढी नव्हती, नोकरदार व लहान व्यापारी यांच्या ऐपतीची वर्गणी होती. आज तिच्या शाखा चारशेंच्या वर असून त्या अनेक राज्यांत पसरल्या आहेत, व ठेवी हजारों कोटींच्या घरांत आहेत. तिचे संस्थापक राधेश्याम चांडक यांस लोक ‘भाईजी’ म्हणून ओळखतात. हा विस्तार असामान्य आहे, आणि या परीक्षणाचा हेतु तो नाकारण्याचा मुळींच नाहीं. तक्रार आहे ती, तो विस्तार ज्या रीतीनें वर्णिला जातो त्या रीतीबद्दल.

एक तर ही कथा १९८६ पासून सुरू केली जाते, जणू त्यापूर्वीं या जिल्ह्यांत पतव्यवहारच नव्हता. वस्तुतः वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर, आणि विशेषतः १८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडीचा फांटा निघाल्यावर, येथील शेतकरी कापसाच्या भावाशीं व त्या भावामार्फत सावकाराशीं जखडला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं सहकारी पतपेढ्या व मध्यवर्ती बँका निघाल्या. १९२९ नंतरच्या मंदींत कापूस कोसळला, थकबाकी तुंबली, आणि कर्जापोटीं आलेल्या जमिनी वऱ्हाडांतील मध्यवर्ती बँकांच्या गळ्यांत पडल्या. ज्यांनीं सावकारापासून जमीन वांचवावयाची तेच जमीनदार होऊन बसले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३ च्या आसपास भरला. पुढें २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस नव्या ठेवी घेण्याची मनाई केली, आणि जुलै २०२३ मध्यें याच जिल्ह्यांतील मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला. शेजारच्या जळगांव जिल्ह्यांतील एका बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ सालीं अवसायक नेमावा लागला होता.

ही यादी कोणास हिणवण्यासाठीं दिलेली नाहीं. एकच जमीन, एकच पाऊस, तेंच पीक असतां एक संस्था वाढते व दुसरी बुडते, तेव्हां इतिहासाचा खरा प्रश्न त्या भेदांत असतो. जी टिकली तिचीच बखर लिहिली जाते आणि बुडालेलीचें दफ्तर वाळवी खाते. मग टिकण्याचें कारण म्हणून संस्थापकांची निष्ठा, सचोटी व दूरदृष्टि हे तीन शब्द पुन्हां पुन्हां वाचावे लागतात. बुडालेल्या संस्थांच्या जुन्या अहवालांतही हेच तीन शब्द असत.

माझ्या मतें त्या भेदाचें एक ठोस कारण तारणाच्या स्वरूपांत सांपडतें, व तें थोडें विस्तारानें सांगण्यासारखें आहे. बुलढाणा अर्बननें सोनेतारणाबरोबर शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्याचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर अंगीकारला, व त्यासाठीं स्वतःचीं गोदामें उभारलीं. सोयाबीनचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. त्या वेळीं बाजारांत मालाचा लोंढा, म्हणून भाव पडलेला. आणि शेतकऱ्यास मात्र रब्बीचें बियाणें, मागील देणें व घरचा सण हीं तिन्ही एकदम निभवावयाचीं. अशा वेळीं माल गोदामांत ठेवून, पावती घेऊन, त्याच्या किंमतीच्या कांहीं हिश्शाइतकें कर्ज उचलावें व भाव वर आल्यावर विकून तें फेडावें, अशी ही रीत. आतां याज्ञवल्क्यानें गहाणाचे दोन प्रकार सांगितले आहेत : ज्याचा उपभोग घ्यावयाचा तो भोग्याधि, व जो केवळ जपून ठेवावयाचा तो गोप्याधि. सावकाराच्या कबजांत गेलेलें शेत हा भोग्याधि. त्याचें पीक सावकार खाई, व कर्ज जागच्या जागीं राही. गोदामांतलें सोयाबीन हा गोप्याधि. त्याला धनकोनें हात लावला तर त्यास व्याजाचा हक्क नाहीं, आणि दैवी वा राजकीय आपत्तीवांचून माल नष्ट झाला तर भरपाई त्याच्याच माथीं, असा त्या स्मृतीचा निर्णय आहे.

या एका फरकानें पुष्कळ गोष्टी बदलतात. कर्जाची मुदत महिन्यांची होते, वर्षांची राहत नाहीं. त्यामुळें ठेवीदारानें मागितली असतां ठेव परत करणें सोपें जातें. तारण कोर्टांतून मिळवावें लागत नाहीं, तें संस्थेच्याच कुलुपांत असतें. आणि ऋणकोची जमीन शाबूत राहते. जुन्या मध्यवर्ती बँका ज्या खड्ड्यांत पडल्या तो खड्डा ही रीत टाळते. प्राचीन वारशाचा दाखला हवा असणाऱ्यांनीं श्रेणीऐवजीं हा दाखला दिला असता तर तो निदान जागेवर बसला असता.

मात्र येथेंच जमाखर्चाची दुसरी बाजू मागितली पाहिजे. गोदामांत वजनाची घट किती धरतात, ओलावा व कीड यांचा तोटा कोणाच्या नांवें पडतो, भाव वर येण्याऐवजीं खाली गेला त्या वर्षीं किती माल लिलावांत काढावा लागला, किती कर्जें नाकारलीं, हे प्रश्न कोणत्याही संस्थेच्या इतिहासाचे कणे आहेत. स्मरणिकाकार त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहींत. ते ठेवींचा आंकडा मोठ्या टाइपांत छापून थांबतात. ठेव म्हणजे संस्थेची श्रीमंती नव्हे. तें तिचें देणें आहे. स्मृतिकारांनीं निक्षेप व ऋण यांत भेद केला तो उगीच नव्हे : निक्षेप ठेविला तसाच परत करावयाचा, ऋण वृद्धीसह. व्याज देऊन घेतलेली ठेव नांवानें निक्षेप व स्वरूपानें ऋण आहे. ऋणाचा डोंगर वाढला म्हणून महोत्सव करणें हें चमत्कारिकच म्हणावें लागेल. त्या डोंगरासमोर वसूल होणाऱ्या कर्जाचें आवार किती, हें एकाच पानावर शेजारीं शेजारीं दाखविल्याखेरीज त्या आंकड्यास अर्थ नाहीं.

धर्मकृत्यांविषयींही हेंच. बुलढाणा अर्बननें शाळा चालविली, तीर्थक्षेत्रीं यात्रेकरूंसाठीं निवास बांधले; हीं कामें उपयुक्त आहेत. उषवदातानेंही भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें चौसोपी धर्मशाळा बांधल्याचें त्याच्याच लेखांत आहे. पण त्यानें आपलें द्रव्य दिलें. पतसंस्था देते तें सभासदांचें. म्हणून गौरवग्रंथांत ‘भाईजींनीं दिलें’ अशी भाषा येते तेव्हां ती भक्तीनें लिहिलेली असली तरी दफ्तराच्या दृष्टीनें चुकीची आहे. सर्वसाधारण सभेनें कोणत्या तारखेच्या कोणत्या ठरावानें दिलें, असें लिहिलें पाहिजे. यांत संस्थापकांचा अधिक्षेप नाहीं. उलट त्यांच्या पश्चात् चालूं शकतील असे कोणते नियम त्यांनीं घालून दिले, हें या भाषेंत झांकून जातें, आणि त्यांचें खरें कर्तृत्व तेंच असावयास पाहिजे.

मालकी सभासदांची, हें वाक्य तर प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर असतें. रायफायझेननें पेढीचें क्षेत्र मुद्दाम लहान ठेविलें, कारण शेजाऱ्यास शेजाऱ्याची पत ठाऊक असते. ७२ जणांची सभा एका ओसरीवर भरते. शेंकडों शाखांच्या संस्थेची कशी भरावी? बहुराज्य सहकारी संस्थांच्या २००२ च्या कायद्यानें प्रतिनिधींची सभा भरविण्याची मुभा दिली आहे, व २०२३ च्या दुरुस्तीनें निवडणुकांसाठीं स्वतंत्र प्राधिकरण आणि तक्रारींसाठीं लोकपाल यांची तरतूद केली आहे. कायद्याची सोय झाली. तिचा उपयोग कितीसा होतो हें उपस्थितीच्या नोंदवहींतूनच कळेल. सभेस किती आले, कोणीं कोणता प्रश्न विचारला, कोणत्या ठरावास विरोध झाला : असें एक पान जरी स्मरणिकेंत छापलें, तरी तें वीस छायाचित्रांहून अधिक बोलेल.

हा सारा खटाटोप विद्वत्तेची हौस म्हणून केलेला नाहीं. बँकेंतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून वाढविण्यांत आली. म्हणून मलकापूरची बँक बंद झाली तरी शेंकडा ९७ हून अधिक ठेवीदार आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. पतसंस्थेंतील ठेवीस हा विमा नाहीं. नांवांत ‘अर्बन’ आहे म्हणून ती बँकच, अशी समजूत खेड्यांत सर्रास आढळते, आणि कोणतीही स्मरणिका ती दूर करीत नाहीं. कापूस विकून आलेले चार पैसे मुलीच्या लग्नासाठीं ठेवणाऱ्या माणसाला संस्थेची पत कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिचे कागद. आणि त्याच्या हातीं मात्र बखर दिली जाते.

मंडळाकडे एक मागणी आहे. वऱ्हाडांतील जुन्या सहकारी पेढ्यांचीं इतिवृत्तें, कर्जखतावण्या व लेखापरीक्षकांचे शेरे गोळा करण्याचें काम मंडळानें हातीं घ्यावें. चालू संस्थांचीं दफ्तरें मागाहून मिळतील. त्यांना कोणी तरी राखणदार आहे. अवसायनांत निघालेल्या संस्थांचीं आधीं मिळवावीं, कारण काम संपल्यावर तीं रद्दींत निघतात.