'टार्ट', 'सावर', 'बिटर' आणि आपली प्रश्नावली

चवीवर काम करणार असाल, तर तयार इंग्रजी फॉर्म उचलून त्याचं मराठी करण्याआधी जरा थांबा. असे बरेच फॉर्म मी चाळलेत. बहुतेकांत शब्दकोशातला पहिला अर्थ उचललेला असतो. 'सावर' म्हणजे आंबट, 'टार्ट' पण आंबट. 'हॉट', 'स्पायसी', 'पंजंट' तिन्ही तिखट. मराठीत प्रश्न एकच उरला, तक्त्यात मात्र कॉलम तीन!

नासलेलं दूध 'सावर' असतं, त्याला कोणी 'टार्ट' म्हणत नाही. 'टार्ट'मध्ये फळाची, हवीशी वाटणारी आंबट धार आहे. 'स्पायसी' मसाल्याबद्दल बोलतो, 'हॉट' मिरचीच्या जाळाबद्दल, आणि 'पंजंट' नाकात जाणाऱ्या उग्र वासालाही चालतो. सावजी रश्श्याला पहिले दोन्ही लागू पडतील, पण गुण वेगवेगळे द्यावे लागतील.

उलटही होतं. साकोलीच्या बाजारात कोणालाही कच्चं टेंभरू द्या, तो लगेच 'तुरट' म्हणेल. फॉर्ममध्ये तुरटचा रकानाच नसेल तर बिचारा 'कडू'वर खूण करतो. तुरटपणा खरं तर स्पर्शासारखा आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड आखडतं. म्हणजे तुमचा 'कडू'चा आकडा फुगतो तो फळामुळे नाही, फॉर्ममुळे.

आयुर्वेदातून शब्द घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथला 'कटु' म्हणजे आपला तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपला कडू. 'कटू सत्य' म्हणणाऱ्या माणसाला हे कसं कळणार?

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. मायकेल ओ'माहोनी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणारे लोकसुद्धा 'सावर' आणि 'बिटर' यांत गल्लत करतात. अडचण जिभेची कमी, शब्दाच्या अर्थाची जास्त.

मग तीव्रतेसाठी 'अत्यंत आंबट' लिहायचं की 'आंबटढाण'? आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ, गोडमिट्ट हे शब्द लोकांच्या तोंडचे आहेत, मला आवडतातही. पण त्यांत नापसंती मिसळलेली असते. तीव्रता मोजायला बसाल आणि नावड मोजून उठाल. म्हणून तीव्रता आणि आवड हे प्रश्न वेगळे ठेवा, आणि सुरुवातीला लिंबाचं पाणी, कारल्याचा रस, आवळ्याची फोड असे नमुने चाखायला देऊन कोणत्या चवीला काय म्हणायचं ते आधी ठरवून घ्या.