‘टीव्ही पॅट्रोल’ : संबोधनाचे राजकारण

मार्कोस राजवटीच्या लष्करी कायद्याने १९७२ मध्ये बंद पाडलेली ‘एबीएस-सीबीएन’ ही फिलिपिनी वाहिनी १९८६ च्या जनउठावानंतर पुन्हा सुरू झाली. २ मार्च १९८७ रोजी तिने ‘टीव्ही पॅट्रोल’ हे फिलिपिनो भाषेतील बातमीपत्र आरंभिले. त्यावर सनसनाटीपणाचा आरोप झाला, तो निराधार नाही. परंतु इंग्रजीच्या प्रतिष्ठेपुढे अबोल राहिलेल्या सामान्यांच्या बोलीला या बातमीपत्राने सार्वजनिक साक्षीचे स्थान दिले, हेही नोंदवले पाहिजे.

निवेदक नोली दे कास्त्रो यांना लाभलेले ‘काबायान’ हे बिरुद येथे कळीचे ठरते. ‘बायान’ म्हणजे गाव आणि राष्ट्रही. मराठीतील ‘देश’ शब्दही असाच प्रदेश आणि राष्ट्र या दोन अर्थांत वावरतो. या आपुलकीच्या संबोधनाचे पुढे राजकीय भांडवल झाले. दे कास्त्रो २००१ मध्ये सिनेटर व २००४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले, आणि २०१० मध्ये त्याच आसनावर परतले. सत्तेला प्रश्न विचारणारा आवाज सत्तेतून आलेला असेल, तर श्रोत्याने त्यावर कितपत विसंबावे?

१० जुलै २०२० रोजी संसदीय समितीने वाहिनीला परवाना नाकारला. मनिलाची आवृत्ती अन्य माध्यमांतून टिकली. सेबुआनोसारख्या भाषांतील प्रादेशिक आवृत्त्या मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपल्या. ‘बायान’मधील राष्ट्र उरले, गाव गळाले. या बातमीपत्राच्या इतिहासातील खरी हानी हीच होय.