दहा वर्षांचा नियम: ठरला कधी, लागू झाला कधी?

दोन महायुद्धांच्या मधल्या ब्रिटिश नौदलावरचं काहीही वाचायला घ्या, ‘दहा वर्षांचा नियम’ लगेच भेटतो. पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून तिन्ही दलांनी खर्चाचे अंदाज करावेत, असं मंत्रिमंडळाने ऑगस्ट 1919 मध्ये ठरवलं. मग नेहमीची गोष्ट सुरू होते: नियम आला, पैसा आटला, जहाजं कमी पडली, आणि 1939 मध्ये नौदल अपुरं ठरलं. ऐकायला किती सरळ, नाही का?

जॉन फेरिस यांनी ‘हिस्टॉरिकल जर्नल’मधल्या 1987 च्या लेखात नेमकं हेच तपासलंय. त्यांचं म्हणणं असं की 1919 ते 1924 या काळात त्या नियमाची आणि अर्थखात्याची संरक्षण धोरणावर म्हणतात तेवढी पकड नव्हतीच.

पटतं का? जरा जहाजांकडे बघा. ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या युद्धनौकांची बांधणी डिसेंबर 1922 मध्ये सुरू झाली. सिंगापूरच्या तळाला 1921 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. 1924 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तळाचं काम थांबवलं खरं, पण त्याच सरकारने पाच नव्या क्रूझर मंजूर केल्या. मोठ्या युद्धनौकांवर बंधन आलं ते 1922 च्या वॉशिंग्टन करारामुळे. त्याचं खापर या नियमावर कसं फोडणार?

पण थांबा. फेरिस यांचा लेख 1924 पाशी संपतो. 1928 मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी नियम सरकता केला, म्हणजे दहा वर्षं रोज नव्याने मोजायची. तो सुटला 1932 मध्ये. मधल्या काळात महामंदी आली आणि 1930 च्या लंडन करारात 70 क्रूझरची मागणी 50 वर उतरली. म्हणून ‘फेरिस यांच्या मते नियम निरुपयोगी होता’ असं सरसकट लिहू नका. तसं ते म्हणतच नाहीत.

माझी खरी अडचण वेगळी आहे. झालेले निर्णय आणि मंजूर रकमा मोजता येतात. पण ‘नाही’च म्हणणार हे ओळखून अधिकाऱ्याने जी मागणी केलीच नाही, तिचं काय? नियमाचा असा दबाव अंतिम ठरावांत दिसत नाही. तो शोधायचा तर कच्चे मसुदे, खोडलेले आकडे, खात्याखात्यांतल्या टिपा चाळाव्या लागतात. फेरिस यांच्या युक्तिवादाला इथे अजून आव्हान देता येईल.

तुमच्या संशोधन आराखड्यात ‘या धोरणामुळे असं झालं’ असं वाक्य असेल, तर त्याच्यापुढे तीन तारखा लिहून बघा: धोरण ठरलं कधी, प्रत्यक्ष लागू झालं कधी, आणि परिणाम दिसला कधी. तिन्ही जुळत नसतील, तर प्रबंधाचा प्रश्न तिथेच सापडेल.