अध्ययनाची व्याख्या आणि गथ्री यांची मांजरे

अनुभवाने अथवा सरावाने वर्तनात घडून येणारा, तुलनेने टिकाऊ असा बदल म्हणजे अध्ययन, ही व्याख्या मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत रूढ आहे. थकवा, मादक द्रव्ये किंवा शारीरिक परिपक्वता यांमुळे होणारे बदल तिने वगळले जातात, आणि तेवढ्यापुरती ती उपयुक्तच होय. अडचण आहे ती ‘वर्तन’ या शब्दाची. अध्ययन डोळ्यांना दिसत नाही, वर्तन दिसते. म्हणून जे दिसते तेच अध्ययन, असे समीकरण या व्याख्येत नकळत शिरले आहे.

टोलमन व होन्झिक यांनी १९३० साली उंदरांचे तीन गट एका चक्रव्यूहात सोडले. त्यात १४ ठिकाणी योग्य मार्ग निवडावा लागे. एका गटाला अखेरीस रोज अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला ११ व्या दिवसापासून. हा तिसरा गट तोवर निरुद्देश भटकल्यासारखा दिसे. परंतु १२ व्या दिवशी त्याच्या चुका एकदम घटून तो पहिल्या गटाच्या बरोबरीस आला. अध्ययन झाले होते, वर्तनात ते उमटले नव्हते. बांडुरा यांच्या १९६५ च्या प्रयोगातील मुलांचेही असेच झाले. ज्याला शिक्षा झाली त्याचे अनुकरण त्यांनी फारसे केले नाही. बक्षीस कबूल करताच मात्र पाहिलेल्या कृती त्यांनी करून दाखविल्या.

किंबल यांच्या १९६१ च्या व्याख्येत ‘वर्तना’च्या जागी वर्तनाची क्षमता आली, ही सुधारणा खरी. पण तिच्यातच ‘प्रबलित सराव’ ही अटही आहे. टोलमन यांच्या उंदरांना पहिले दहा दिवस प्रबलन मिळाले कोठे? चक्रव्यूहातून बाहेर काढणे हेच प्रबलन, असे उत्तर देता येईल. मात्र मग प्रबलनरहित असा अनुभवच शिल्लक उरत नाही आणि अट निरर्थक ठरते.

याहून गंभीर दोष उलट दिशेचा आहे. गथ्री व हॉर्टन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजराने पेटीतील खांब कलता केला की दार उघडे. सुमारे ८०० सुटकांच्या निरीक्षणात मांजरे ठराविक पद्धतीने खांबाला अंग घासताना आढळली. सुटकेच्या क्षणी घडलेली हालचाल त्या परिस्थितीशी जोडली जाते, या गथ्री यांच्या सिद्धांताला हा भक्कम पुरावा वाटला. मूर व स्टटर्ड यांनी १९७९ साली दाखविले की माणूस दिसत असला तर मांजरे अंग घासतात, नसला तर घासत नाहीत. निरीक्षक समोरच बसत असत. मांजरे त्यांचे स्वागत करीत होती. मांजर पायांत घोटाळते हे ज्याच्या घरी मांजर आहे त्यास ठाऊक असते, प्रयोगशाळेत मात्र त्याची आठवण झाली नाही.

तेव्हा केवळ व्याख्येचे शब्द बदलून भागत नाही. त्या विशिष्ट अनुभवावाचूनही तेच वर्तन घडते काय, ही तुलना प्रत्येक प्रयोगात हवी. गथ्री यांच्या मांजरांच्या बाबतीत तिला निरीक्षक नजरेआड ठेवण्यापलीकडे काही लागत नव्हते, आणि ती व्हावयास ३३ वर्षे लागली.